हात, गज, साखळी आणि मीटर
लांबीच्या मापांची कहाणी व आपला रोजचा हिशेब



आपल्या एकाच घरात लांबीची किती मापे नांदत असतात, याचा आपण कधी विचार केला आहे काय? अम्मीची साडी वारात मोजली जाते. दर्जीच्या दुकानात इंच बोलले जातात. मुलांच्या दप्तरातील पट्टी सेंटिमीटरची असते. घराचा प्लॉट चौरस फुटांत, शेताचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, बोअरची खोली फुटांत आणि सोलापूरचा रस्ता किलोमीटरमध्ये. एवढी सगळी मापे आपण दिवसभरात तोंडाने उच्चारतो. पण एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर करावयाची वेळ आली, की आपण दुकानदाराच्या, दलालाच्या किंवा मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहू लागतो. हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याचा प्रसंग टळावा, यासाठीच हा लेख आहे.

अक्कलकोट हे सरहद्दीवरचे गाव. १९४८ पर्यंत येथे भोसले घराण्याचे संस्थान होते. एका बाजूस इंग्रजी अमलाखालचा सोलापूर जिल्हा, तर दुसऱ्या बाजूस निजामाचे राज्य. इकडे कलदार रुपया चालत असे, तर तिकडे निजामाचा हाली शिक्का. आळंद-गुलबर्ग्याकडे व्यापाराला जाणाऱ्या आपल्या बुजुर्गांना एका नाण्याचा हिशेब दुसऱ्यात करणे भागच होते. मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही भाषा येथील बाजारात ऐकू येतात. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जावे, तसे एका मापातून दुसऱ्या मापात जाणे, हा या मातीचा जुनाच संस्कार म्हटला पाहिजे.

शरीर हेच पहिले माप

माणसाने प्रथम मोजले ते स्वतःच्या शरीराने. बोट, मूठ, वीत, हात, आणि विहिरीच्या खोलीसाठी परस. ही मापे विसरता येत नाहीत, घरी राहून जात नाहीत आणि त्यांना पैसा पडत नाही. चोवीस बोटे म्हणजे एक हात, दोन विती म्हणजे एक हात, हे कोष्टक जुन्या पिढीला तोंडपाठ होते.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात प्रथम मापांची कोष्टके दिलेली आहेत. आठ जव म्हणजे एक अंगुळ, चोवीस अंगुळे म्हणजे एक हात, चार हात म्हणजे एक दंड, दोन हजार दंड म्हणजे एक कोस आणि चार कोस म्हणजे एक योजन. मित्रहो, येथेच एक गणित करून पाहा. हात १८ इंचांचा धरला तर कोस किती मैलांचा होईल? एका कोसात ८,००० हात, म्हणजे १२,००० फूट; मैल ५,२८० फुटांचा; म्हणजे कोस सुमारे सव्वादोन मैलांचा झाला. उरुसासाठी हैद्र्याच्या दर्ग्याला पायी जाणारे आपले पूर्वज कोसांनीच वाट मोजत.

हीच ‘लीलावती’ बादशहा अकबराच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये फारसीत आणली. सह्याद्रीच्या परिसरातील एका पंडिताचे गणित अशा रीतीने मदरशांतून शिकणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचले. इल्म कोणा एका जमातीची मिरासदारी नसते, याचा याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

ओली दोरी आणि गरीब शेतकरी

शरीराच्या मापात एक मोठी अडचण आहे. कोणाचा हात लांब, तर कोणाचा आखूड. सारा वसूल करणाराचा हात आखूड असेल तर शेत कागदावर मोठे होते आणि कराचा बोजाही वाढतो. म्हणून प्रत्येक शहाण्या राज्यकर्त्याने सर्वांसाठी एकच माप ठरविण्याचा प्रयत्न केला.

अकबराच्या राज्यात पूर्वी जमीन तागाच्या दोरीने मोजत असत. ही दोरी दवाने भिजली की आखडे आणि उन्हाने वाळली की लांब होई. सकाळच्या ओल्या दोरीने मोजलेले शेत जास्त बिघ्यांचे भरे आणि शेतकरी बुडे. दुपारच्या कोरड्या दोरीने मोजले तर सरकार बुडे. हे ध्यानात आल्यावर १५७५ च्या सुमारास दोरी बंद करण्यात आली आणि लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या काठ्या वापरात आल्या. पुढे १५८६ मध्ये ४१ अंगुळांचा ‘इलाही गज’ ठरविण्यात आला. अबुल फजल याने ‘आईने अकबरी’त याची तपशीलवार नोंद केली आहे. साठ गज लांब आणि साठ गज रुंद जमीन, म्हणजेच ३,६०० चौरस गज, हा एक बिघा.

महाराष्ट्रात छत्रपती शिवाजी महाराजांच्या कारभारातही मोजणीची काठी ठरलेली होती. पाच हात आणि पाच मुठी एवढी तिची लांबी. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. राज्य कोणाचेही असो, रयतेला न्याय द्यावयाचा तर माप आधी पक्के करावे लागते, हे दोन्हीकडे ओळखलेले दिसते.

पण प्रत्येकाचा ‘गज’ मात्र वेगळा राहिला. इंग्रजांच्या आरंभीच्या काळात मुंबईचा गज २७ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा, तर बंगालचा ३६ इंचांचा होता. बंगालमध्ये शंभर गज कापड खरेदी करून मुंबईत ‘शंभर गज’ म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्याजवळ पंचवीस बंगाली गज शिल्लक उरले असते! शब्द एकच, लांबी निराळी. फसवणूक होते ती अशा ठिकाणी.

एका मैलाची चूक

ही चूक केवळ बाजारातच होते असे नाही. नवव्या शतकात बगदादचा खलिफा अल्-मामून याने सिंजारच्या सपाट मैदानावर खगोलशास्त्रज्ञ पाठविले. ध्रुवताऱ्याची उंची एका अंशाने बदलेपर्यंत उत्तर-दक्षिण चालत जाऊन त्यांनी जमीन मोजली. एक अंश म्हणजे ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल असे उत्तर अल्-फरगानी याने आपल्या ग्रंथात दिले. अरबी मैल आजच्या दोन किलोमीटरपेक्षा किंचित लहान होता. त्या हिशेबाने एक अंश सुमारे ११२ किलोमीटर येतो. आज आपण तो सुमारे १११ किलोमीटर मानतो. किती अचूक काम होते, पाहा!

सहाशे वर्षांनंतर हा आकडा कोलंबसाच्या हाती पडला. त्याने आकडा घेतला, पण मैल मात्र इटलीतला धरला, जो जेमतेम दीड किलोमीटरचा होता. त्यामुळे त्याच्या हिशेबात पृथ्वी एक चतुर्थांशाने लहान झाली आणि आशिया खंड जवळ आला. १४९२ मध्ये तो निघाला आशियाला आणि पोहोचला भलत्याच भूमीवर. वाटेत अमेरिका आडवी आली नसती, तर अन्नपाण्यावाचून त्याचे सर्व खलाशी समुद्रातच संपले असते. आकडा बरोबर असून माप चुकले, तर काय होते, याचे हे जगातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणावे लागेल.

शंकू साखळी आणि गुंठा

आता परत आपल्या मुलखाकडे येऊ. इंग्रज अमलात जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी करण्याचे काम गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात सुरू केले. तीच पद्धत पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली. या मोजणीचे साधन म्हणजे ३३ फूट लांबीची ‘शंकू साखळी’. तिचे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाला ‘आणा’ म्हणत. रुपयाचे सोळा आणे, तसेच साखळीचेही सोळा आणे! पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाला हा हिशेब तोंडी जमत असे.

एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट.

येथे विद्यार्थ्यांनी एक मौज पाहावी. उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांनी १८२५ च्या सुमारास इलाही गज ३३ इंचांचा ठरविला. मग ६० गज म्हणजे १,९८० इंच, अर्थात १६५ फूट, म्हणजे बरोबर पाच शंकू साखळ्या. पाच साखळ्या लांब व पाच साखळ्या रुंद, म्हणजे बरोबर २५ गुंठे! बादशाही बिघा आणि आपला गुंठा अशा रीतीने एका हिशेबात येऊन बसतात.

होटगीच्या स्टेशनवर आलेला मीटर

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर शास्त्रज्ञांनी ठरविले, की माप कोणा राजाच्या हातावरून नव्हे, तर साऱ्या मानवजातीच्या पृथ्वीवरून घ्यावे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्यासाठी देलाम्ब्र आणि मेशँ या दोघांनी १७९२ ते १७९८ पर्यंत जमीन मोजली. अल्-मामूनच्या माणसांनी सिंजारला जे केले, त्याच विचाराचे हे पुढचे पाऊल होते. १८७५ मध्ये अनेक राष्ट्रांनी मीटरचा करार केला. १९८३ पासून तर मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरविला जातो. आता तो झिजतही नाही आणि हरवतही नाही.

हा मीटर आपल्या परिसरात कायद्याने येण्याच्या कितीतरी आधी रेल्वेने आला. जी. आय. पी. रेल्वेचा सोलापूरहून अक्कलकोट रोडमार्गे रायचूरला जाणारा रस्ता १८७१ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या रुळांतील अंतर ५ फूट ६ इंच. त्याच सुमारास, १८७० मध्ये, लॉर्ड मेयोच्या सरकारने नवीन लहान मार्गांसाठी नेमके एक मीटरचे अंतर पसंत केले; कारण हिंदुस्थानात मेट्रिक मापे येणार अशी तेव्हा अपेक्षा होती. मापे आली नाहीत, पण रूळ आले! होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारा मार्ग १८८० च्या दशकात या मीटर गेजवर बांधला गेला. पुढे तो रुंद करण्यात आला. पण त्याआधी शंभराहून अधिक वर्षे होटगीच्या एकाच स्टेशनात फूट-इंचांचे रूळ आणि मीटरचे रूळ शेजारी शेजारी होते. प्रवाशांना आणि मालाला एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढावे लागे. मापांचे रूपांतर म्हणजेदेखील गाडी बदलणेच होय. सामान तेच राहते, फक्त डबा बदलतो.

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून नवी मापे टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत त्यांचा वापर सक्तीचा झाला. १९५९ पासून एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, असा आंतरराष्ट्रीय मेळही बसला आहे. कागद बदलले, परंतु जीभ बदलली नाही. आजही आपण कागद मीटरमध्ये लिहितो आणि व्यवहार फुटांत बोलतो. गोंधळाचे मूळ येथे आहे.

चार गोष्टी पाठ करा

रूपांतरासाठी फार मोठे कोष्टक लागत नाही. एवढेच लक्षात ठेवावे:

१ इंच = २.५४ सेंटिमीटर
१ फूट = ३०.४८ सेंटिमीटर
१ वार (यार्ड) = ९१.४४ सेंटिमीटर
१ मैल = १.६०९ किलोमीटर

आणि एक साधा नियम: माप मोठे झाले तर आकडा लहान होतो; माप लहान झाले तर आकडा मोठा होतो. मीटर वारापेक्षा मोठा आहे. म्हणून मीटरमधला आकडा वारापेक्षा लहानच यावयास हवा. उत्तर उलट आले तर समजावे, की गुणाकाराऐवजी भागाकार झाला आहे.

कापडाचा हिशेब. दर्जीने सांगितले, साडेपाच वार कापड आणा. दुकानात कापड मीटरवर आहे. ५.५ गुणिले ०.९१४४, म्हणजे ५.०३ मीटर. तेथे ‘साडेपाच’ एवढेच ऐकून साडेपाच मीटर घेतले, तर ४७ सेंटिमीटर कापड जास्त आले. मीटरला १२० रुपये भाव असेल तर ५६ रुपये विनाकारण गेले. नऊवारी लुगडे ८.२३ मीटरचे आणि सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटरची असते, हेही याच हिशेबाने कळते.

फरशीचा हिशेब. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद. म्हणजे १२० चौरस फूट. शहाबादी फरशी दोन फूट बाय दोन फूट असेल तर बरोबर ३० फरश्या लागतात. परंतु दुकानातील नवी टाइल ‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जात असली, तरी ती पुष्कळदा ६० सेंटिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६०.९६ सेंटिमीटर. सहा टाइल्स लावल्यावर लांबीत पावणेसहा सेंटिमीटर आणि पाच टाइल्स लावल्यावर रुंदीत पावणेपाच सेंटिमीटर जागा उघडी राहते. क्षेत्रफळाने ३१ टाइल्स येतात आणि कापणीची तूट धरली तर ३२-३३ आणाव्या लागतात. घरातील मुलाने हा हिशेब आधी केला, तर गवंड्याचा खाडा होत नाही.

जमिनीचा हिशेब. येथे सर्वांत जास्त सावध राहावे. ‘आर म्हणजेच गुंठा’ असे पुष्कळ लोक मानतात. ते खरे नाही. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. फरक किरकोळ वाटतो. पण एक हेक्टर म्हणजे १०० आर, आणि ते होतात ९८.८४ गुंठे. ‘हेक्टर म्हणजे अडीच एकर’ असे बोलून व्यवहार केला, तर घेणारा १०० गुंठ्यांचे पैसे मोजतो आणि त्याला १.१६ गुंठे, म्हणजे सुमारे १,२६० चौरस फूट जमीन कमी मिळते. एवढ्या जागेत एक घर उभे राहते! भावाभावांच्या वाटणीत हाच हिशेब चुकला, तर एका गुंठ्यापायी नाती तुटतात. दोन एकरांचा जुना तुकडा सातबाऱ्यावर ० हेक्टर ८१ आर असा दिसतो, तेव्हा ८१ गुंठे नव्हे, ८० गुंठेच समजावे.

वाळू-खडीचा हिशेब. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब आणि ५ फूट रुंद असेल तर माल दोन फूट उंच भरला पाहिजे. टेप लावून पाहण्यात संकोच कसला?

येथे विद्यार्थ्यांची नेहमी होणारी एक चूक सांगणे जरूर आहे. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून एक चौरस मीटर म्हणजे ३.२८ चौरस फूट, असे ते लिहितात. चौरसाला लांबीही असते आणि रुंदीही. म्हणून ३.२८ ला ३.२८ ने गुणावे. उत्तर येते १०.७६. घनमीटर असेल तर तीनदा गुणावे. उत्तर येते ३५.३. कागदावर एक मीटर बाजूचा चौकोन काढून त्यात फुटाची घरे पाडून पाहिली, तर ही गोष्ट जन्मभर विसरणार नाही.

सफरीचा हिशेब. प्रवासात नमाज कसर करण्यासाठी आपल्याकडील बहुतेक उलेमा ४८ मैलांची मर्यादा सांगतात. ४८ गुणिले १.६०९, म्हणजे सव्वासत्याहत्तर किलोमीटर. अक्कलकोटहून सोलापूर सुमारे ४० किलोमीटर आहे. म्हणजे केवळ सोलापूरला जाणारा मुसाफिर ठरत नाही. दीनाचा मसला समजण्यासही गणित लागते, ते असे.

माप पुरे भरणे

वाचकहो, कुरआन शरीफमधील ८३ व्या सूरहचे नावच ‘अल्-मुतफ्फिफीन’, म्हणजे मापात कमी देणारे, असे आहे. घेताना पुरे घेणारे आणि देताना कमी देणारे, यांना त्यात कडक इशारा दिलेला आहे. हजरत शुऐब यांनी मदयनच्या लोकांना केलेली ताकीदही मापाविषयीच होती. एवढा मोठा दर्जा मापाला का दिला गेला? कारण माप हा दोन माणसांमधला करार आहे. तो मोडला की विश्वास मोडतो.

पण पुरे माप देण्यासाठी आधी माप कळावे लागते. आपल्या समाजात दर्जी आहेत, गवंडी आहेत, सुतार आहेत, फळांचे व कापडाचे व्यापारी आहेत, शेतकरी आहेत. या सर्वांच्या हातात रोज टेप असते. त्या टेपेच्या एका अंगावर इंच आहेत, दुसऱ्या अंगावर सेंटिमीटर. बापाला एक बाजू वाचता येते आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला दुसरी. संध्याकाळी दोघांनी दहा मिनिटे एकत्र बसून दोन्ही बाजू वाचल्या, तर मुलाचे गणित सुधारेल आणि बापाचा धंदाही.

पालकांना एवढीच विनंती, की जमिनीचा, घराचा किंवा कापडाचा व्यवहार करताना आपल्या मुलाला, आणि मुलीलाही, बरोबर घ्यावे. तिच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. सातबारा तिच्याकडून वाचून घ्यावा, दस्तावर सही करण्यापूर्वी चौरस मीटरचे चौरस फूट तिच्याकडून करून घ्यावेत. आणि विद्यार्थ्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या खोलीची लांबी-रुंदी वितीने, फुटांनी व मीटरने मोजून तिन्ही उत्तरे वहीत लिहावीत. उत्तरे जुळली तर समजावे, की तालीम शाळेतून घरात आली.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो आणि त्यांच्या हातून प्रत्येकाला पुरे माप मिळो. आमीन.